प्रपत्र ‘ग’ आणि आदर्श स्वयंपाकघर

जे लिहिलेलं नाही ते खाल्लेलं नाही, हे आधुनिक आहारशास्त्राचं मूलतत्त्व आहे. ज्यांना ते अजून पटलेलं नाही असे लोक भूक लागली की जेवतात आणि पोट भरलं की थांबतात. त्यांच्या आरोग्याविषयी खात्रीलायक माहिती कुठेही उपलब्ध नाही. याउलट, सकाळपासून आपल्या पोटात किती ग्रॅम प्रथिनं गेली हे जो माणूस सांगू शकतो, तो आजारी पडला तरी त्याच्या आजाराला काही एक पाया असतो.

सुगत गजभिये अशा पक्क्या पायाचा माणूस होता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी इमारतीत, शासकीय पाट्यांचा आकार, अक्षरांची उंची आणि दोन पाट्यांमधलं अंतर ठरवणाऱ्या विभागात तो कक्ष अधिकारी होता. (‘येथे थुंकू नये’ ही पाटी थुंकणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येते, याचं श्रेय या विभागाला आहे.) भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिष्यवृत्तीवर शिकत तो दिल्लीपर्यंत आला होता. आपण जे काही झालो ते वेळेवर आणि बिनचूक भरलेल्या अर्जांमुळे झालो, असं तो मानत असे, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

सप्टेंबरच्या अखेरीस विभागात परिपत्रक आलं की ‘कमी प्रक्रियायुक्त आहार पंधरवडा’ उत्साहाने साजरा करावा. पाट्यांचा आणि आहाराचा संबंध काय, असं कोणीही विचारलं नाही. त्याआधीच्या ‘स्मितहास्य सप्ताहा’तही कोणी काही विचारलं नव्हतं, सगळे मुकाट्याने हसले होते. तीन जणांची समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, उपसचिव नीला आगाशे, मूळच्या पुण्याच्या, ज्यांनी आयुष्यात कुठलीही फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा मारल्याशिवाय परत पाठवली नव्हती. आहार सल्लागार, परीक्षित नावाचा एक तरुण, गुरुग्रामच्या एका व्यायामशाळेतून कंत्राटावर घेतलेला. आणि सदस्य सचिव सुगत. समितीत जो सदस्य प्रत्यक्ष काम करतो त्याला सदस्य सचिव म्हणतात.

प्रत्येक कर्मचाऱ्याने आपल्या स्वयंपाकघराची माहिती ज्यात भरायची ते ‘प्रपत्र ग’ सुगतने एका दुपारात तयार केलं. इथे कामाची एक पद्धत समजून घेतली पाहिजे. सरकारात कुठलंही प्रपत्र नव्याने लिहीत नाहीत. नव्याने लिहिलेल्या गोष्टीला पूर्वोदाहरण नसतं आणि पूर्वोदाहरण नसलेल्या कागदावर कोणी सही करत नाही. म्हणून सुगतने गेल्या वर्षीचं पाट्यांच्या रंगखरेदीचं प्रपत्र घेतलं, ‘रंग’ या शब्दाच्या जागी सर्वत्र ‘खाद्यपदार्थ’ असं केलं आणि प्रथिनांचा एक रकाना वाढवला. रकाने असे झाले: खाद्यपदार्थाचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, घटक, शंभर ग्रॅममागे प्रथिनं, वापराची अंतिम मुदत आणि वाळण्यास लागणारा वेळ. खाली टीप होती की ज्या खाद्यपदार्थाचे दोनपेक्षा जास्त रकाने रिकामे राहतील तो ‘निर्णयाधीन’ समजून वेगळा ठेवावा व निर्णय होईपर्यंत वापरू नये.

या प्रपत्रावर अकरा सह्या झाल्या. घरी केलेल्या पदार्थासाठी त्यात काही सोय नाही, हे सुगतच्या लक्षात आलं ते पंधरवड्याच्या तिसऱ्या दिवशी. शुद्धिपत्रक काढायचं तर पुन्हा अकरा सह्या हव्यात, आणि सह्यांना आजवरच्या अनुभवाप्रमाणे किमान एकवीस दिवस लागतात. पंधरवडा पंधरा दिवसांचा. तेव्हा प्रपत्र बरोबर आहे असं धरून अन्नातच काय ती दुरुस्ती करावी, हे ओघानेच आलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात सुगतची आई आली.

गंगुबाईंनी यावं म्हणून सुगत सहा वर्षं मागे लागला होता. वडील, रावसाहेब, गेल्यापासून त्या गावी एकट्याच राहत होत्या. दर रविवारी फोनवर तो म्हणायचा, ‘आई, आता इकडेच राहा’, आणि त्या म्हणायच्या, ‘पाहू’. या वर्षी त्या ‘पाहू’वरून ‘येऊन पाहतो’वर आल्या. दोन महिने राहायचं, जमलं तर कायमचं. तोवर घराची किल्ली शेजारच्या हेमलताकडे. सुगतने सरकारी क्वार्टरमधली मागची खोली रंगवून घेतली, खिडकीपाशी पलंग लावला, भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. त्याचा आईवर खरोखर जीव होता. ती राहिली नाही तर आपलं इतकं शिकणं कशासाठी, असं त्याला मनातून वाटत होतं.

निजामुद्दीन स्टेशनवर त्या उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर एक पिशवी कपड्यांची आणि एक पोतं होतं. पोत्यात जवस, ज्वारीचं पीठ, लाखोळीची डाळ, मूगवड्या, सांडगे आणि दोन बरण्या जवसाची चटणी. सुगतची बायको मैत्री बँकेत अधिकारी होती आणि सासूच्या हातची चटणी तिला माहेरच्या माणसासारखी होती. तिने स्टेशनवरच बरणी उघडून हुंगली.

त्यांच्या अकरा वर्षांच्या लेकीने, श्रावस्तीने, घरी आल्यावर पोत्यात डोकं घातलं. ‘‘आजी, हे काय आहे यार?’’

‘‘जवस होय ते.’’

‘‘अच्छा! पप्पा, ये तो फ्लॅक्स सीड्स आहेत! आपण कॅप्सूल मागवतो ना, सेम!’’

‘‘याच्या गोळ्या करतात?’’ गंगुबाईंनी विचारलं. ‘‘काहून? दात गेले काय लोकायचे?’’

सुगत हसला. मग त्याने मान वळवून पोत्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू आवरलं. पोत्यावर काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं.

समितीच्या सदस्य सचिवाचं स्वयंपाकघर नमुन्यादाखल तपासलं जाणार होतं. चौदाव्या दिवशी समिती घरी यायची होती. त्यामुळे रविवारी सकाळी सुगत प्रपत्र, पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन ओट्यापाशी बसला आणि घरातला एकेक पदार्थ तपासू लागला. प्रथिनांच्या भुकटीचा मोठा डबा सर्वांत आधी पास झाला. त्यात सत्तेचाळीस घटक होते, पण सगळेच्या सगळे छापलेले. (त्यातल्या एकोणचाळीसांचा उच्चार घरात कोणालाच करता आला नाही, उच्चाराचा रकाना नव्हता.) सातूच्या नावाने विकली जाणारी बिस्किटं पास झाली. ‘कसलीही भेसळ नाही’ असं चार ठिकाणी लिहिलेला हिरवा रस तर पास झालाच, शिवाय त्याच्या बाटलीवर घटकांची छपाई इतकी बारीक होती की ती वाचण्याच्या परिश्रमांबद्दल सुगतने स्वतःच्या अधिकारात शेरा लिहिला: ‘उत्तम’.

मग भाजीची टोपली आली. पालक: उत्पादक नाही, बॅच क्रमांक नाही, अंतिम मुदत ‘बहुधा उद्या’. बटाटे, वांगी आणि एक दुधी यांचंही तेच. ते निर्णयाधीन झाले. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये चिकटपट्टीखाली ठेवलेली चार भेंडी मात्र सुटली, कारण ट्रेवर छापील पट्टी होती.

‘‘आई, आता तुझं पोतं घेऊ. उत्पादक?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे कोणी बनवलं.’’

‘‘मी. अजून कोण बनवंल?’’

‘‘तसं नाही चालत. नोंदणी असलेला पाहिजे. बॅच क्रमांक?’’

गंगुबाईंनी थोडा विचार केला. ‘‘पहिल्या खेपेच्या वड्या गाय खाऊन गेली. ह्या दुसऱ्या.’’

सुगतने ‘दोन’ लिहिलं आणि खोडलं. शेवटचा रकाना आला तेव्हा मात्र गंगुबाईंचा चेहरा खुलला. वाळायला लागणारा वेळ! चैतातलं ऊन असंल तर चार दिवस. आभाळ आलं तर सहा. वड्या पहिल्या दिवशी उलटायच्या नाहीत, चिकटतात. रात्री घरात घ्यायच्या, नाहीतर दव पडतं. त्यांनी इतकी तपशीलवार माहिती दिली की रकान्यात मावेना आणि सुगतला पुरवणी जोडावी लागली. संपूर्ण विभागात त्या रकान्याची अशी अचूक माहिती देणारं दुसरं कोणी निघालं नाही. पण बाकीचे सहा रकाने रिकामेच होते, आणि नियम म्हणजे नियम. पोतं कपाटावर गेलं. त्याला सुगतने स्वतः लाल चिठ्ठी लावली: ‘निर्णयाधीन’. मैत्रीने हरकत नोंदवली नाही, कारण हरकतीचाही रकाना नव्हता. ती फक्त चटणीच्या बरणीकडे पाहत राहिली आणि मग बँकेत गेली, रविवार असूनही.

पुढच्या आठवडाभरात गजभिये कुटुंबाने कमी प्रक्रियायुक्त आहाराचा अवलंब केला तो असा: प्रथिनांची भुकटी सव्वादोन किलो, हिरवा रस अठ्ठावीस बाटल्या, प्रथिनांच्या वड्या, चांदीच्या कागदात, चव चॉकलेटची, चौसष्ट, भेंडी चार. याच काळात सुगतचं पोट साफ झालं दोनदा. परीक्षितला त्याने फोन केला तेव्हा परीक्षितने अभिनंदन केलं आणि शरीर आता जुन्या सवयी सोडतं आहे असं सांगितलं. पोट फुगलं तर समजावं की विषद्रव्यं हलू लागली. डोकं दुखलं तर समजावं की निघू लागली. आणि काहीच वाटलं नाही तर समजावं की फार खोल बसली आहेत, म्हणजे आणखी रस हवा.

परीक्षित एकदा समक्षही आला. गंगुबाईंनी त्याला पाणी दिलं आणि त्याचं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकलं.

‘‘कोणतं जहर म्हणते बापा तू?’’

‘‘टॉक्सिन्स, आजी. सगळ्यांच्या शरीरात असतात.’’

‘‘मग कोनं देल्लं?’’

परीक्षित म्हणाला की हा खूप चांगला प्रश्न आहे, आणि घड्याळात आपली पावलं मोजली.

गंगुबाई या काळात काय करत होत्या, याची नोंद प्रपत्रात नाही. त्या पहाटे पाचला उठायच्या, ओट्यापाशी उभ्या राहायच्या आणि ओटा स्वच्छ असल्याचं पाहून परत खोलीत जायच्या. आठ वाजता त्यांच्या हातात पेला दिला जायचा. पहिल्या दिवशी तो पिऊन झाल्यावर त्यांनी ताट घ्यायला हात पुढे केला होता. जेवण हेच होतं असं सुगतने सांगितल्यावर त्यांनी पेला विसळून पालथा घातला. एक्काहत्तर वर्षांत त्यांच्या हाताला असं रिकामपण कधी आलं नव्हतं, आणि लेकाच्या घरी भूक लागली असं म्हणायची लाज वाटत होती. फोनवर हेमलताला त्यांनी सांगितलं, ‘‘चांगलं आहे इकडं. काही करूच देत नाही मले.’’

पंधरवड्याच्या अकराव्या दिवशी सुगत तापाची कणकण वाटली म्हणून लवकर घरी आला. जिन्यातच त्याला भाजलेल्या जवसाचा वास आला. ओट्यापाशी गंगुबाई भाकरी थापत होत्या, श्रावस्ती खाली फरशीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या दोन्ही गालांत घास होता. कपाटावरच्या पोत्याची लाल चिठ्ठी जागच्या जागी होती. पोतं मागून उसवलेलं होतं. श्रावस्तीने बापाकडे पाहिलं आणि अळीमिळी गुपचिळी केली. कोणी काही बोलायच्या आत गंगुबाईंनी तव्यावरची भाकरी ताटलीत टाकली, तिच्यावर चटणी, चटणीवर कच्चं तेल, आणि ताटली सुगतच्या पुढे केली.

त्याने दोन भाकरी खाल्ल्या, उभ्याउभ्याच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटामुळे नव्हतं. त्याला वाटलं, आता सगळं जमलं, आई राहते. गंगुबाईंनाही बहुधा तसंच वाटलं, कारण त्या म्हणाल्या, ‘‘उद्या लाखोळीच्या डाळीचे वडे करतो. पोट्टीनं कधी खाल्ले नाही.’’

एखादा लबाड माणूस असता तर गोष्ट इथेच सुखाने संपली असती. पण सुगत प्रामाणिक होता. हात धुऊन तो प्रपत्रापाशी बसला, आणि खाल्लेलं लपवायचं नाही म्हणून त्याने एकतिसाव्या ओळीत लिहिलं: ‘भाकरी, नग दोन, चटणीसह’. पुढचा रकाना उत्पादकाचा. आईचं नाव लिहावं तर नोंदणी क्रमांक विचारला जाणार. रिकामा ठेवावा तर तपासणीत त्रुटी निघणार. अशा वेळी वापरायचा एक मान्यताप्राप्त शब्द आहे. त्याने तो लिहिला, खाली सही केली, तारीख टाकली आणि मोकळ्या मनाने झोपला.

चौदाव्या दिवशी समिती आली. नीला मॅडमनी कपाटं पाहिली, डबे पाहिले, प्रत्येक डब्यावरची पट्टी कशी बरोबर समोर आली आहे हे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘बिल्कुल मॉडेल किचन आहे, गजभिये!’’ मग समितीला थोडं काही देण्याचा प्रश्न आला. गंगुबाईंनी वडे केले होते. मॅडमनी पाच खाल्ले. परीक्षितने नऊ खाल्ले, दहावा कागदात बांधून घेतला आणि घड्याळ काढून खिशात ठेवलं. समितीने जे खाल्लं ते ‘अल्पोपाहार’ या सदरात मोडत असल्यामुळे त्याचे घटक नोंदवण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. एकतिसाव्या ओळीतल्या पारदर्शकतेचा समितीने खास उल्लेख केला. आपल्या चुका स्वतःहून नोंदवणारं कुटुंब म्हणून गजभियांचं स्वयंपाकघर ‘आदर्श’ ठरलं. प्रमाणपत्राबरोबर, इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून, त्यांचं भरलेलं प्रपत्र फलकाच्या स्वरूपात मोठं करून देण्यात आलं. विभाग पाट्यांचा असल्यामुळे हे काम फार चोख झालं. तीन मीटरवरून, अधू नजरेच्या माणसालाही चष्म्याशिवाय वाचता येईल अशी अक्षरांची उंची होती. सुगतने फलक ओट्याच्या वरच्या भिंतीवर स्वतः खिळे ठोकून लावला.

गंगुबाई चौथी शिकलेल्या होत्या. संध्याकाळी भाकरीचं पीठ मळता मळता त्यांनी वर पाहिलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, बोटाने, एकेक अक्षर लावत. एकतिसाव्या ओळीला यायला बराच वेळ लागला.

‘‘सुगत.’’

‘‘काय आई?’’

‘‘ह्या दोन भाकरी त्याच ना? त्या दिवशीच्या?’’

‘‘हो.’’

‘‘इथं लिहिलं आहे, उत्पादक अज्ञात.’’

‘‘आई, तो फक्त रकाना आहे गं.’’

‘‘हाव.’’ त्यांनी हाताचं पीठ परातीत झटकलं. ‘‘तुझ्या शिष्यवृत्तीच्या फारमावर आईचं नाव लिहायचं होतं, तर मास्तर म्हणे नसलं तरी चालते. तुझा बाप म्हणे, नाही, लिहा. दोन घंटे बसला होता तिथं.’’

सुगतने खूप समजावलं. शब्द मान्यताप्राप्त आहे, त्याचा अर्थ तसा नाही, शासकीय भाषेत कितीतरी मोठ्या गोष्टी अज्ञात असतात, हेही सांगितलं. गंगुबाई ऐकत होत्या आणि भाकरी थापत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवणं झाल्यावर त्या म्हणाल्या की हेमलताला किल्ली सांभाळायचा त्रास होत असेल.

मैत्री रडली. तिने फलक उतरवायला लावला, आणि सुगतने तो उतरवलाही; खिळ्यांची चार भोकं राहिली. पण तिकीट काढून झालं होतं. निजामुद्दीनला गाडी हलताना सुगतला पुष्कळ बोलायचं होतं. तो म्हणाला, ‘‘पोहोचलीस की फोन कर.’’ गंगुबाई खिडकीतून म्हणाल्या, ‘‘पोतं राहू दिलं. पोट्टी खाते.’’

सोमवारी कचेरीत नीला मॅडमनी आपुलकीने विचारलं, ‘‘आई गेल्या? इतक्यात?’’

सुगतने फाइलवरून मान वर केली. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता आणि खिडकीबाहेर धुरक्यात समोरची इमारत दिसत नव्हती.

‘‘हो, मॅडम. तिला इथली हवा मानवली नाही.’’

‘‘अरे, बिल्कुल,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘माझ्या आईलाही नाही मानवली. तीन आठवड्यांत परत गेली.’’ शेजारच्या कक्षातल्या मुरलीधरांच्या आईलाही मानवली नव्हती. परीक्षितच्या आईला तर येण्याआधीच मानवली नव्हती. सदस्य सचिव या नात्याने सुगतने मनातल्या मनात मोजदाद केली तेव्हा असं आढळलं, की त्या मजल्यावरच्या तेवीस अधिकाऱ्यांपैकी एकोणीस जणांच्या आया हवेमुळे गावी राहतात, आणि त्याच हवेत त्या एकोणीस जणांच्या सासवा, मुलं, कुंड्या आणि दोन कुत्रे उत्तम स्थितीत आहेत.

सुगतचा राग आलेल्या वाचकांची संख्या शेकडा शहाण्णव भरेल, असा प्रस्तुत लेखकाचा अंदाज आहे. राग रास्त आहे. तो नोंदवून घेण्यात येत आहे. मात्र पुढील कार्यवाहीसाठी एवढीच माहिती अपूर्ण राहते, तरी ती उलट टपाली कळवावी: आपल्या आई सध्या कुठे असतात, आणि आपल्याकडची हवा कशी आहे?